गुण गिरवायचा कसा

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, एका आडतीवर मी २७ वर्षं मुनीम आहे. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, पण आवड म्हणून नाही. इतिहासाचा तास सकाळी असायचा आणि सकाळी मला हॉटेलांवर दूध घालायचं असायचं. तत्त्वज्ञानाचा तास दुपारी, म्हणून तत्त्वज्ञान. सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल गाइडमधून पाठ केले, ४२ मार्क पडले, विषय संपला. तो पुन्हा उघडला चाळिशीनंतर, आणि उघडायला लावलं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या १९ कट्टे सोयाबीननं. ते पुढं येईल.

परवा पुतणी म्हणाली, "काका, मोबाइलवर रोज ग्रीक लोकांचे सुविचार येतात. वाचून बरं वाटतं. पण त्यांचं करायचं काय असतं?" तिला चहा होईपर्यंत जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, सुविचार वाटणं हा त्या लोकांचा धंदा नव्हता. ॲरिस्टॉटल (इ.स.पूर्व ३८४ ते ३२२) तर सरळ म्हणतो की ही सगळी चौकशी आपण गुण म्हणजे काय ते कळावं म्हणून करत नाही, आपण चांगले व्हावं म्हणून करतो, नाहीतर तिचा काही उपयोग नाही. आणि नुसतं ऐकून चांगलं होऊ पाहणारा माणूस त्याला कसा दिसतो? डॉक्टरचं बोलणं मन लावून ऐकणाऱ्या, पण सांगितलेलं एकही पथ्य न पाळणाऱ्या रोग्यासारखा. आमच्या घरात शुगरचे असे दोन पेशंट आहेत, त्यामुळं मला हे उदाहरण लगेच पटलं.

आधी दोन शब्द नीट लावून घ्या

ग्रीक शब्द 'आरेटे'. गाइडात त्याचं 'सद्गुण' केलेलं असतं आणि तो शब्द वाचला की मूल्यशिक्षणाचा तास आठवतो, जांभई येते. ग्रीक माणूस हाच शब्द घोड्याला लावायचा, डोळ्याला लावायचा. घोड्याचा आरेटे म्हणजे तो चांगला पळतो, स्वाराला नीट नेतो, शत्रू समोर आला तरी बुजत नाही. आपल्याकडं याला तयार शब्द आहे. आमच्या भागात देवणी जनावरं नावाजलेली. बैलबाजारात शेतकरी एखाद्या देवणी गोऱ्ह्याभोवती दोन फेऱ्या मारतो, पाठीवर हात फिरवतो आणि म्हणतो, "गुणाचा हाय." बैल सदाचारी आहे असं त्याला म्हणायचं नसतं. औतात दाबून चालतो, मारका नाही, ऐन तासात बसकण मारत नाही. औषधाला गुण येतो म्हणतो तोही हाच गुण: ज्या कामाची ती वस्तू, ते काम तिच्याकडून नीट होणं. तेव्हा 'सद्गुण' मधला 'सद्' सध्या बाजूला ठेवा. प्रश्न एवढाच की माणूस गुणाचा कधी होतो.

दुसरा शब्द 'युडायमोनिया'. याचं 'सुख' करतात आणि तिथूनच गाडी रुळावरून उतरते. आपल्याकडं सुख म्हणजे पंख्याखाली आडवं पडणं, पोरीचं लग्न उरकणं, गुडघा न दुखणं. ग्रीक शब्दाच्या जवळ जाणारं आपलं बोलणं म्हणजे 'जन्माचं सार्थक झालं'. चहा पिता पिता कुणी म्हणत नाही की आज सव्वाचार वाजता माझं सार्थक झालं. ते अख्ख्या आयुष्याकडं बघूनच म्हणायचं असतं. ॲरिस्टॉटलचं वाक्य प्रसिद्ध आहे की एक पाकोळी दिसली म्हणून वसंत येत नाही. आपण ते पावसावर घ्यावं. मृगाचा एक सडाका पडला की आमच्याकडं निम्मी शिवारं पेरून मोकळी होतात. कृषी खातं दरवर्षी घसा फोडून सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मग पाऊस ओढ देतो, उगवलेलं वाळतं आणि दुबार पेरणीच्या बियाण्याची उधारी माझ्या वहीत येते. एका चांगल्या दिवसावरून आपला स्वभाव ठरवणारा माणूस असाच पेरणीची घाई करतो.

आणि हे सार्थक बसून होत नाही. ऑलिंपियाच्या खेळात माळ देखण्याला किंवा ताकदवानाला मिळत नाही, जे मैदानात उतरतात त्यांच्यातल्याच कुणाला तरी मिळते, असं तो लिहितो. घरी बसलेला बलदंड गडी हिशोबात धरत नाहीत.

कळतं पण वळत नाही

आता ते १९ कट्टे. दिवाळीच्या तोंडावरचा दिवस, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही. सकाळीच एका म्हाताऱ्याचा ढीग पडला होता. मी स्वतः मॉइश्चर मशीन लावलं होतं, १०.८ आलं. माल चांगला, चाळणी केलेला. सौदा झाला ४२०० रुपये क्विंटलनं. संध्याकाळी काट्यावर कट्टे चढायला लागले तसा खरेदीदाराचा माणूस आला, एका कट्ट्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर दाणे काढून परत टाकले आणि म्हणाला, "माल ओला हाय. कट्ट्यामागं किलो कमी धरा."

म्हातारा त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होता. माल कोरडा आहे हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, कोपरापर्यंत हात घालणाऱ्यालाही माहीत होतं. मी वहीत बघितलं. पेन चालत होता तरी झटकला. १९ किलो वजा लिहिले, ७९८ रुपये. म्हाताऱ्यानं हिशोबाची पट्टी घेतली, चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "येतो मुनीम." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सॉक्रेटिसचं म्हणणं होतं की जाणूनबुजून कुणी वाईट वागत नाही. खरं कळलं असतं तर माणूस तसा वागलाच नसता. ॲरिस्टॉटल म्हणतो, हे तर डोळ्यांना दिसतं त्याच्या उघड विरुद्ध आहे. कळूनही घसरण्याला ग्रीकमध्ये 'अक्रासिया' म्हणतात आणि त्यावर त्यानं आपल्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात अर्धं अधिक प्रकरण खर्ची घातलंय. आपल्याकडं चार शब्दांत भागतं: कळतं पण वळत नाही. आणि उपायही त्याच धातूतून निघतो, वळण. ग्रीकात सवयीला 'एथोस' आणि स्वभावाला जरा लांबवून 'ईथोस' म्हणतात. एकापासून दुसरा आला असं तोच नोंदवतो. आपण पोराला वळण लावतो म्हणतो तेव्हा सवय आणि स्वभाव दोन्ही एकाच शब्दात येतात, वर अक्षराचंही वळण. पाटीवर बाई ठिपक्यांचा 'अ' काढून देतात, पोरगं त्यावरून पेन्सिल फिरवतं. तो 'अ' अजून त्याचा नसतो. गिरवून गिरवून एक दिवस ठिपके लागत नाहीत. घर बांधून गवंडी होतो, वीणा वाजवून वीणावादक, आणि न्यायाची कामं करून न्यायी माणूस, असं ॲरिस्टॉटल सांगतो ते हेच.

एकच गुण धरा

त्याच्या यादीत डझनभर गुण आहेत: धैर्य, संयम, हात मोकळा असणं, राग प्रमाणात असणं, खरं बोलणं, अगदी नीट थट्टा करता येणंसुद्धा. सगळे एकदम धरलेत तर आठव्या दिवशी वही माळ्यावर जाईल. एक धरा. कोणता, हे शोधायची माझी युक्ती अशी: लोक तुमचं कौतुक ज्या गोष्टीसाठी करतात, तिथंच उकरा.

माझ्याबद्दल अख्खा मोंढा म्हणतो, मुनीम म्हणजे गरीब गाय. मलाही ते बरं वाटायचं. पैठणच्या नाथांची कथा लहानपणापासून ऐकलेली. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसावर ते रागावले नाहीत, दर वेळी गोदावरीत जाऊन स्नान करून आले. मी स्वतःला मनातल्या मनात त्याच रांगेत उभं करत होतो. मग ॲरिस्टॉटलच्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात वाचलं की ज्या गोष्टींचा राग यायला हवा त्यांचा ज्याला येत नाही, तो लोकांना मूर्ख वाटतो. स्वतःचा आणि आपल्या माणसांचा अपमान मुकाट गिळणं हे गुलामाचं लक्षण. दोन दिवस मी या वाक्याशी भांडलो. नाथांचं काय मग? तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की नाथांच्या अंगावर थुंकी पडली होती, त्यांच्या स्वतःच्या. माझे मात्र १९ किलो म्हाताऱ्याचे गेले होते. दुसऱ्याच्या नुकसानीवर मी शांत राहिलो, त्याला शांती म्हणायची सोय नाही. नाथांना यात ओढायलाच नको होतं.

तर माझा गुण ठरला: राग. लोक राग कमी करायला पुस्तकं वाचतात, मी वाढवायला वही घातली.

वही कशी घालायची

मी मुनीम, मला दुसरं काय सुचणार. रोजची कीर्द आणि पंधरा दिवसांनी खतावणी. शंभर पानी साधी वही पुरते. रात्री जेवल्यावर त्या दिवसातला एकच प्रसंग लिहायचा, दोन ओळींत. काय झालं, मी काय केलं. भावना लिहायच्या नाहीत, कारणं तर अजिबात लिहायची नाहीत. कारणं लिहायला लागलं की माणूस स्वतःचाच वकील होतो. पुढं तीन खणांपैकी एकात खूण: कमी, बरोबर, जास्त. आणि शेवटच्या खणात एक शब्द, 'जड' किंवा 'हलकं'. ते काम करताना जीवावर आलं की सहज झालं.

हा शेवटचा खण माझ्या डोक्यातला नाही. कृतीबरोबर सुख होतं की त्रास, हीच आतल्या वळणाची खूण, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. तिखट-गोड सोडून त्यातच आनंद मानणारा तो संयमी. सोडलं, पण दिवसभर कुढत बसला, तो अजून नाही. म्हणून पहिले काही महिने सगळीकडं 'जड' येईल. घाबरू नका. उलट पहिल्याच आठवड्यात सगळं 'हलकं' यायला लागलं तर समजा की तुम्ही सोपा गुण निवडलाय किंवा वहीशी खोटं बोलताय.

पंधरा दिवसांनी खतावणी करा, म्हणजे नुसत्या खुणा मोजा. माझी पहिली खतावणी: कमी ११, बरोबर ३, जास्त १. कल कळायला याहून जास्त अक्कल लागत नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. हा पापपुण्याचा ताळेबंद नाही. वही बघून रडू यायला लागलं तर बंद करून आठ दिवस ठेवून द्या.

उलट्या बाजूला वाकवा, आणि मापात पाप करू नका

कल कळला की त्याच्या उलट ओढायचं. वाकडं लाकूड सरळ करणारा सुतार ते पलीकडच्या बाजूला वाकवतो, हे उदाहरण त्याचंच. कंजूष माणसानं उधळेपणाकडं झुकावं, उधळ्यानं कंजुषीकडं; मग कुठं दोघं मधे येतील.

या 'मधे' शब्दानं फार घोटाळा केलाय. लोक म्हणतात, ॲरिस्टॉटलचं म्हणणं काय तर अति तिथं माती. अर्धं बरोबर. पण 'मधे' म्हणजे दोन टोकांच्या बरोबर निम्म्यावर असं नाही. तालमीचं उदाहरण देऊन तो समजावतो: एखाद्याला दहा माप खाणं जास्त आणि दोन माप कमी म्हणून वस्ताद सगळ्यांना सहा माप देत नाही. मायलोसारख्या नामांकित पैलवानाला सहा कमी पडतील, नवख्याला जड जातील. आमच्या हमालमामांना चार भाकरी लागतात, मला दीड. म्हणून दोघांनी पावणेतीन खाव्यात का? राग, पैसा, भीती, सगळ्यात हेच. बरोबर माणसावर, बरोबर कारणासाठी, बरोबर वेळी, बरोबर तेवढाच राग. आणि तो म्हणतो, हे सोपं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा बहिणीकडं शेजारणीला एक घागर देणं म्हणजे मोठा हात होता. आज नळाला पाणी असताना तीच एक घागर दिली तर कुणी नावाजणार नाही. घागर तीच, माप बदललं.

आणि काही गोष्टींना मधलं मापच नसतं. चोरी, खून, व्यभिचार प्रमाणात करता येत नाहीत, हे तो स्पष्ट लिहितो. कट्ट्यामागं किलोऐवजी अर्धा किलो कापला तर तो काही मध्यममार्ग होत नाही.

मध्यममार्ग म्हटलं की बुद्ध आठवणार, मराठवाड्यात तर आठवणारच. पण दोन्ही एक समजू नका. बुद्धाचा मार्ग भोगात लोळणं आणि शरीराला जाळणं या दोन टोकांतून दुःखाच्या अंताकडं जातो. ॲरिस्टॉटल एकेका कृतीचं माप काढत बसलाय. दोन्ही वाचावेत, पण एकाच कट्ट्यात भरू नयेत.

उलट वाकवायला गेलो आणि तोंडावर पडलो तेही सांगतो. वही घातल्यानंतर अकरावा दिवस. काट्यावर पुन्हा तसाच प्रकार व्हायला लागला. माझ्या कानशिलात रक्त चढलं, आनंदही झाला की आला एकदाचा राग, आणि मी ओरडलो. कुणावर? मापाड्यावर. तो बिचारा आकडा वाचत होता. खरेदीदाराचा माणूस बाजूला उभा राहून पान लावत होता, त्याला एक शब्द नाही. मापाडी माझ्यापेक्षा गरीब, उलट बोलणार नाही, हे माझ्या रागाला आधीच ठाऊक होतं. त्या रात्री वहीत: जास्त, हलकं. ते 'हलकं' लिहिताना जेवढी लाज वाटली तेवढी १९ किलोंचीही वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याला चहा पाजला. तो म्हणाला, "मुनीमजी, तुमाला ओरडायचं येत नाही. सवय नाय तुमाला." खरं होतं.

जाणता माणूस शोधा

बरोबर माप पुस्तकात छापलेलं नसतं. ॲरिस्टॉटल म्हणतो, ते जाणता माणूस जसं ठरवील तसं. या जाणतेपणाला शब्द आहे 'फ्रोनेसिस'. पोरं गणितात हुशार होऊ शकतात, जाणती होत नाहीत, कारण त्याला प्रसंग अंगावरून जावे लागतात. तेव्हा तुमच्या आसपास असा एक माणूस हेरा. त्याच्याकडून उपदेश घेऊ नका, तो काय करतो ते बघा.

माझ्यासाठी ते हमालमामा. ६४ वर्षांचे, शाळा चौथीपर्यंत. मी आडतीवर लागलो तेव्हा माल ओळखायला त्यांनीच शिकवलं. मशीन नंतर आलं. मामा दाणा दाढेखाली धरून फोडायचे. कटकन दोन फाकळ्या झाल्या तर कोरडा. दबला, चिकटला तर ओला. मी विचारायचो, "किती दबला म्हणजे ओला?" ते म्हणायचे, "शंभर दाणे फोड, मग इचार." दोन हंगाम फोडत होतो. नंतर विचारावं लागलं नाही. पुढं 'फ्रोनेसिस' वाचताना माझ्या दाढेला सोयाबीनची चव आली.

हे मी मामांना एकदा कौतुकानं सांगितलं, तर त्यांनी मलाच अडवलं. "तुमच्या त्या ग्रीकाच्या हिशोबानं हमालाच्या जन्माचं सार्थक व्हतं का?" मी गप्प. कारण ॲरिस्टॉटल गुलामीचा समर्थक होता. काही माणसं जन्मानंच गुलाम असतात असं त्यानं 'पॉलिटिक्स' मध्ये मांडलंय, आणि नीतिशास्त्रात जाता जाता म्हटलंय की गुलामाला युडायमोनियाचा वाटा कुणी देत नाही. बायकांबद्दलही त्याचं मत असंच तोकडं. ज्या मराठवाड्यात बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं केलं आणि कुणाकुणाची पोरं तिथून शिकून बाहेर पडली, तिथं बसून हे झाकून वाचता येणार नाही. माझं उत्तर असं की त्याची पद्धत घ्यावी, यादी त्याच्याकडंच ठेवावी. मामांना मी सांगितलं, "तो तुम्हाला भेटला नव्हता." ते म्हणाले, "भेटला असता तर पोतं उचलाय लावलं असतं."

'माझ्या हातात काय आहे?' हे जपून म्हणा

मोबाइलवर सगळ्यात जास्त येतात ते स्टोइक, हा ग्रीक तत्त्वज्ञांचा एक पंथ. त्यांचा मूळपुरुष झेनो सायप्रसचा. अथेन्सच्या बाजारातल्या रंगवलेल्या ओसरीत शिकवायचा, त्या ओसरीवरून, म्हणजे 'स्टोआ' वरून, हे नाव. त्यांच्यातला एपिक्टीटस स्वतः गुलाम होता, मामांना हा लगेच आवडला. त्याच्या छोट्या पोथीचं पहिलंच वाक्य: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपली मतं, इच्छा, कृती आपल्या हातात. शरीर, पैसा, नाव, पद नाही.

बाजारात बसणाऱ्याला हे औषध आहे. सोयाबीनचा भाव माझ्या हातात नाही, पाऊस नाही, शेठजींची मर्जी नाही. पण म्हाताऱ्याच्या दिवशी मी नेमकं हेच वाक्य स्वतःला पाजलं होतं: माझ्या हातात काय आहे? पेन होता की. जीभ होती. एपिक्टीटसनं 'हातात नाही' ही यादी डोक्यावरचं ओझं उतरवायला दिली, मी ती अंगावरचं काम झटकायला वापरली. न्याय हा स्टोइकांच्या चार मुख्य गुणांपैकी एक आहे, हे सुविचाराच्या चित्रावर मावत नसावं. तेव्हा हे वाक्य म्हणायचं तर आधी 'हातात आहे' ती यादी करा, मग दुसरी.

एपिक्युरस या आणखी एका ग्रीक तत्त्वज्ञाबद्दल थोडक्यात. त्याच्या नावावर खा-प्या-मजा करा हे उगीच चिकटलंय. तो अथेन्सबाहेरच्या बागेत मित्रांबरोबर साधं खाऊन राहायचा, त्याच्या बागेत बायका आणि गुलामही असत, आणि मेजवानी करावीशी वाटली तर मित्राला थोडं चीज पाठव म्हणून लिहायचा. मन निवांत असणं हेच त्याचं सुख. मला तो माणूस म्हणून आवडतो. पण मोंढ्यातल्या कामाला त्याचा उपयोग कमी. राजकारणापासून लांब राहा म्हणतो, आणि काट्यावर उभं राहणं हेसुद्धा छोटं राजकारणच असतं.

तिसऱ्यांदा

पुढच्या हंगामात, वहीच्या ८७ व्या पानावर. माल दुसऱ्या कुणाचा, कट्टे २६, माणूस तोच, कोपरापर्यंत हात तसाच. "ओला हाय." मी खुर्चीतून उठलो नाही, आवाज चढवला नाही. म्हणालो, "मशीन आणा. तुम्ही म्हणाल त्या तीन कट्ट्यांतला नमुना घ्या." त्यानं माझ्याकडं बघितलं. "आज काय झालं मुनीमजी?" मी म्हणालो, "काही नाही. आकडा लिहायचाय." १०.३, १०.६, १०.४. मापाड्यानं तिन्ही आकडे जरा मोठ्यानंच वाचले. किलो कापला गेला नाही. माझे हात टेबलाखाली थरथरत होते. वहीत: बरोबर, जड.

आता यानंतर सगळं छान झालं असं सांगितलं तर ते ग्रीक होणार नाही. शेठजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि त्या दिवाळीला पाकीट हलकं होतं. याचं कारण तेच, का धंदा मंद होता म्हणून, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही (कमी, जड). इथं स्टोइक म्हणेल, पाकिटाचा आणि सार्थकाचा संबंध नाही, गुण असला की पुरे. ॲरिस्टॉटल तसं म्हणत नाही. पैसा, मित्र, पोरंबाळं, तब्येत यांच्याशिवाय चांगली कामं करणंही अवघड होतं, आणि छळाच्या चाकावर बांधलेला माणूस गुणी आहे म्हणून सुखी आहे असं म्हणणारे बडबडतात, असं तो सुनावतो. मला इथं तोच खरा वाटतो. पोरीची फी भरायची असते तेव्हा स्टोइक होणं बायकोच्या जीवावर होतं.

पुस्तक उघडायचंच असेल तर

पुस्तक म्हणजे 'निकोमाकियन एथिक्स'. निकोमाकस हे त्याच्या बापाचंही नाव आणि मुलाचंही. दहा प्रकरणं आहेत. पहिल्यापासून सुरू करू नका, तिथंच लोक सोडतात. आधी दुसरं वाचा, सवय आणि मापाचं. ते लहान आहे. मग चौथं. मग सातवं, ते कळतं-पण-वळत-नाही-वालं. आमच्या धंद्यातल्या माणसानं पाचवं चुकवू नये. चांभाराचे जोडे आणि गवंड्याचं घर यांचा सौदा कसा बसवायचा आणि त्यात पैसा कशाला लागतो, हे तिथं आहे. पहिलं त्यानंतर. दहावं सगळ्यात शेवटी, कारण तिथं तो अचानक म्हणतो की सर्वांत वरचं सुख म्हणजे निव्वळ चिंतन. नऊ प्रकरणं काट्यावर उभं करून दहाव्यात हा माणूस देवळात जाऊन बसतो. विद्वान यावर अजून भांडतात. मी त्या प्रकरणाला अजून हात जोडून आहे.

आठवं आणि नववं मात्र एकट्यानं वाचू नका. दोन्ही मैत्रीवर आहेत. उपयोगाची मैत्री, मजेची मैत्री आणि एकमेकांच्या भल्याची मैत्री असे तीन प्रकार तो करतो. शेवटची फार थोडी आणि हळू पिकणारी. म्हण आहे म्हणतो, बरोबर बसून ठरलेलं मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. मोंढ्यात माझ्या ओळखी हजारभर असतील. खतावणी केली तर जवळपास सगळ्या पहिल्या खात्यात जातात.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही मामांच्या भावाच्या शेतात होतो. कडब्याची कोप, आत पूजेला मांडलेले पांडव, ज्वारी कमरेच्या वर. भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. जेवण झाल्यावर मी मामांना मिठाचं वाचून दाखवलं. ते बोटं चाटत म्हणाले, "२७ वर्षं. किती किलो झालं आसंल?" मी मनातल्या मनात हिशोब सुरू केला, तर मापाडी पलीकडून म्हणाला, "कट्ट्यामागं किलो कमी धरा." सगळे हसले. मीही हसलो. मग मामांनी आंबिलीचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि त्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं. तो परत आमच्या आडतीवर माल घेऊन आला का?

नाही आला, म्हणालो. त्याचं गाव मला माहीत आहे, पट्टीवर आहे. उदगीरपासून १४ किलोमीटर. ७९८ रुपये एका पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवलेत, त्याला आता दोन महिने होतील. रोज रात्री वहीत तीच नोंद येते: कमी, जड.